‘जेवून जाय ना व’ : खाण्यापिण्याच्या गप्पांमधून बोलीचा अभ्यास कसा करावा

बोलीवरचे विद्यार्थ्यांचे प्रकल्प बहुतेक एकाच साच्यातले असतात. डावीकडे वऱ्हाडी शब्द, उजवीकडे प्रमाण मराठी शब्द आणि शेवटी बोलीच्या गोडव्यावर दोन ओळी. सांभार म्हणजे कोथिंबीर, फल्ली म्हणजे शेंगदाणा, चून म्हणजे पिठलं, एवढं त्यातून समजतं. पण दारात आलेल्या शेजारणीला घरची बाई जेवायला कशी थांबवते, शेजारीण ‘नाही’ कशी म्हणते आणि तिचं कोणतं ‘नाही’ खरं असतं, याचा पत्ता त्या यादीत लागत नाही. ही पद्धत जुनी आहे. ब्रिटिशकालीन भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्या सर्वेक्षणात बायबलमधल्या उधळ्या मुलाची एकच गोष्ट ठिकठिकाणच्या बोलींत उतरवून घेतली होती. तुलनेसाठी तो मजकूर आजही मोलाचा आहे, पण गोष्टीचं भाषांतर म्हणजे दोन माणसांचं बोलणं नव्हे.

हा लेख मराठीचे विद्यार्थी, शाळेतले शिक्षक आणि आपल्या गावाच्या बोलीची आस्था असलेल्या कुणासाठीही आहे. हाताशी एक मोबाइल, एक वही आणि सवड असली की काम सुरू करता येतं.

विषय जेवणाचाच का

खाण्याच्या गप्पांत माणूस सावध नसतो, हे एक कारण. दुसरं कारण व्याकरणाचं आहे आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. एकाच बैठकीत क्रियापदाची बरीच रूपं आपोआप बाहेर पडतात. चुलीपुढं बसलेली बाई ‘भाकरी टाकून राह्यली’ म्हणते, म्हणजे चालू काळ आला. जुनी आठवण निघाली की ‘माही आजी इस्तवावर पानगे भाजे, आमी समदे वाट पाहत बसो’ असं बोलणं येतं. हा रीतिभूतकाळ, म्हणजे पूर्वी नेहमी घडायच्या गोष्टी सांगणारा काळ, प्रमाण बोलण्यातून जवळजवळ गेला आहे, वऱ्हाडीत मात्र तो रोजचा आहे. सुनेला कृती सांगताना ‘मंग मीठ टाकजो, जरा हालवजो’ येतं किंवा ‘पयले तेल टाकाचं, मंग जिरं टाकाचं’ असं कर्ता नसलेलं बोलणं येतं. हीच रूपं प्रश्नावली पुढं ठेवून मिळवायची म्हटली तर दिवस जाईल आणि उत्तरं तरीही पुस्तकी मिळतील.

गाव नेमकं ठरवा

‘विदर्भाची बोली’ असं मोघम लिहू नका. अकरा जिल्ह्यांत बोलणं बदलत जातं. बुलढाणा, अकोला, वाशिम, अमरावती आणि यवतमाळ हा वऱ्हाडीचा पट्टा. नागपूर-वर्ध्याकडं नागपुरी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या धानपट्ट्यात झाडीबोली. मेळघाटात घरात कोरकू बोलणारे, गडचिरोलीत गोंडी बोलणारे मराठी बोलतात तेव्हा त्यांच्या पहिल्या भाषेची छाया त्या मराठीवर पडते. ताटही असंच बदलतं. पश्चिमेला ज्वारीची भाकर, कण्या आणि रोडगे, तर पूर्वेला भात आणि भाताभोवतीचं सगळं. म्हणून नोंदीच्या पहिल्या ओळीत गाव, तालुका, बोलणाऱ्याचं अंदाजे वय, शिक्षण, माहेर कुठलं आणि घरात आणखी कोणती भाषा आहे, एवढं लिहा. माहेर विसरू नका. लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात आलेल्या बाईच्या बोलण्यात स्वयंपाकाचे शब्द माहेरचे आणि क्रियापदं सासरची, असं मिश्रण दिसू शकतं.

हिंदीचा संबंधही आधीच लक्षात घ्या. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं, आणि हिंदी मुलखाशी व्यापार, नोकऱ्या, सोयरिकी त्याच्याही आधीपासून आहेत. आलू, टमाटर हे शब्द त्या शेजाराची आठवण देतात. ‘करून राह्यला’ ही रचनाही हिंदीतल्या ‘कर रहा है’ला जवळची आहे. पण असं प्रत्येक रूप हिंदीच्या खात्यावर टाकण्याची घाई बरी नाही. ‘मले’, ‘तुले’ मधला ‘ले’ किंवा ‘येजो’ मधला ‘जो’ हिंदीतून आला असं म्हणायचं असेल, तर पुरावा द्यावा लागेल.

ध्वनिमुद्रण

आधी विचारा, मग यंत्र सुरू करा. लपवून मुद्रण करू नये. घरात काय शिजतं यावरून घरची परिस्थिती, जात, उपासतापास, मांसाहार सगळं उघडं पडतं. एखाद्या घरात तीन दिवस नुसत्या कण्या शिजल्या, हे तुमच्या प्रकल्पात छापून येण्याची गरज नाही. ज्या भागाबद्दल बोलणाऱ्याला संकोच वाटेल, तो त्याला ऐकवून विचारा आणि त्याने म्हटलं तर काढून टाका. नावं बदला, गावाचंही नाव सांगायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या.

परवानगी घेतली की माणसं सावरून बोलू लागतात. आपण पाहतोय म्हणूनच बोलणं बदलतं, ही अडचण विल्यम लबॉव या भाषाशास्त्रज्ञाने नेमकी मांडली होती. त्यावर गावातला उपाय सोपा आहे: हाताला काम असेल तेव्हा मुद्रण करा. चैत्र-वैशाखात पापड, कुरडया, सरगुंडे करायला बायका जमतात, तेव्हा तास-दोन तास गप्पा चालतात आणि मोबाइलची आठवण पंधरा-वीस मिनिटांत पुसली जाते. थंडीतला हुरडा, शेतातले रोडगे, पोळ्याच्या आदल्या दिवशीची लगबग, आठवडी बाजारातून आल्यावर पिशवी रिकामी करतानाचं बोलणं, हे सगळे चांगले प्रसंग. सुरुवातीचा भाग विश्लेषणातून सोडून द्या.

वैशाखातल्या मुद्रणाचा मोठा शत्रू कूलर. कूलरच्या खोलीत बोलणं ऐकू येतं, पण ‘ना’, ‘हं’, ‘व’ असे छोटे आवाज बुडतात आणि आपल्याला तेच हवे असतात. ओसरीत किंवा झाडाखाली बसा. मोबाइल जमिनीवर किंवा पाटावर नुसता ठेवू नका, लाटण्याचा ठोका थेट त्यात उतरतो. घडी घातलेल्या दुपट्ट्यावर, बोलणाऱ्यांपासून हातभर अंतरावर ठेवा. ध्वनी वेव्ह स्वरूपात, ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटवर घ्या. एका मार्गिकेच्या (मोनो) मुद्रणाला मिनिटाला सुमारे ५ एमबी जागा लागते, म्हणजे अर्ध्या तासाला दीडशे एमबीच्या आसपास. विमान मोड लावा, नाहीतर मध्येच कुणाचा तरी फोन येतो.

जसं ऐकलं तसं लिहिणं

सगळ्यात जास्त वेळ इथंच जातो. एक मिनिट बोलणं नीट उतरवायला अर्धा तास सहज लागतो. म्हणून पूर्ण मुद्रण उतरवू नका. एकदा सगळं ऐका, चार-पाच मिनिटांचा दाट गप्पांचा तुकडा निवडा आणि तेवढाच बारकाईनं लिहा. मोबाइलच्या बोलून-लिहिण्याच्या सोयीवर विसंबू नका, ती बोलणं लेखी मराठीकडं ओढते आणि अडखळणं गाळून टाकते.

शुद्धलेखन इथं लागू नाही. ‘पानी’ ऐकलं तर ‘पानी’च लिहा. देवनागरी बोलीला छान पुरते, फक्त ‘चहा’तला च आणि ‘चूल’मधला च यांत ती फरक करत नाही. तो फरक हवा असेल तर दुसऱ्याखाली नुक्ता द्या: च़ूल. खुणा थोड्याच ठेवा. दोघं एकाच वेळी बोलले तर चौकटी कंस [ ]. क्षणभराचा थांबा (.), मोठा थांबा सेकंदांत (१.५). मध्येच तुटलेला शब्द असेल तर शेवटी आडवी रेघ. लांबवलेला स्वर अवग्रहाने: ‘बसऽ’. हसणं, खोकणं, भांड्याचा आवाज दुहेरी कंसात. ऐकू आलं नाही तर (?) लिहून पुढं जा, अंदाजानं भरू नका. या खुणा गेल जेफरसन यांनी संवाद-विश्लेषणासाठी तयार केलेल्या पद्धतीतून घेतल्या आहेत, अवग्रह तेवढा आपल्या लिपीतला.

संगणक असेल तर दोन मोफत साधनं वापरा. नायमेखेनच्या माक्स प्लांक संस्थेचं ‘इलान’ ध्वनीखाली ओळीवर ओळ मांडू देतं: प्रत्येक बोलणाऱ्याची एक ओळ, खाली प्रमाण मराठीची, त्याखाली तुमच्या टिपणाची. थांबे मोजायला ॲम्स्टरडॅम विद्यापीठात तयार झालेलं ‘प्रात’ चांगलं.

एक नमुना

पुढचा संवाद पद्धत दाखवण्यासाठी मी रचला आहे, कुणाच्या घरातला नाही. जागा पश्चिम विदर्भातलं एक गाव, वेळ दिवेलागणीची. घ म्हणजे घरची बाई, शे म्हणजे शेजारीण, पो म्हणजे दहा-बारा वर्षांचा मुलगा.

१ शे: झाला का सैपाक?
२ घ: कायचा सैपाक व. वड्याची डाय भिजवाची राह्यली, मंग- मंग म्हनलं जाऊ दे, चूनच टाकू.
३ शे: हं.
४ घ: पोरायले आवडते [बी].
५ शे: [हाव ना].
६ पो: माय, सांभार नाई टाकला?
७ घ: आनलाच कोनं? (.) तूच गेलता ना बजारात.
८ पो: तठी नोता ना. म्हंजे होता, पन सुकेल होता.
९ शे: ((हसते)) बजाराचं काई खरं नाई आता.
१० घ: बस ना व. जेवून जाय.
११ शे: नाई व माय, झालं माहं.
१२ घ: कायचं झालं. एक चतकोर घे.
१३ शे: (१.५) नाई नाई, आता- घरी ते येऊन राह्यले असतीन.
१४ घ: मंग वाटीत घेऊन जाय चून.
१५ शे: दे मंग. थोडसंच देजो.

आता यातून काय काय निघतं ते पाहू.

ध्वनी आणि रूपं

हे काम तुलनेनं सोपं आहे, भराभर उरकता येतं. ‘डाळ’ची ‘डाय’ झाली, म्हणजे ळच्या जागी य. ‘म्हनलं’, ‘आनला’, ‘पन’ यांत णचा न. ‘पोरायले’ या एका शब्दात दोन गोष्टी आहेत: अनेकवचनाचं सामान्यरूप ‘पोराय-’ आणि चतुर्थीचा ‘ले’. ‘भिजवाची’ (भिजवायची), ‘सुकेल’ (सुकलेला), ‘असतीन’ (असतील), ‘गेलता’ (गेला होता) ही क्रियापदांची रूपं वेगळ्या पानावर नोंदवा.

यातलं अवघड काम मोजण्याचं. ‘ही बाई ळ चा य करते’ एवढं पुरेसं नाही. तीच बाई चुलीपुढं ‘पोयी’ म्हणते आणि शाळेतले गुरुजी आले की ‘पोळी’. म्हणून ळ येऊ शकला असता अशा सगळ्या जागा काढा, त्यांपैकी किती ठिकाणी य आला ते लिहा आणि समोर कोण होतं तेही लिहा. नुसते य असलेले शब्द वेचून मोजले तर आकडा नेहमीच फुगलेला दिसतो.

गाळलेलं, अर्धवट आणि भरीचं

लेखी वाक्याच्या फूटपट्टीनं पाहिलं तर नमुन्यातली अर्धी वाक्यं अपुरी दिसतील. ‘झालं माहं’ यात जेवण हा शब्दच नाही. ‘दे मंग’ यात काय द्यायचं ते नाही. आपल्या व्याकरणात याला अध्याहृत म्हणतात, आणि इथं विश्लेषकाने प्रत्येक वेळी विचारायचा प्रश्न हा: ऐकणाऱ्याला गाळलेला शब्द कुठून मिळाला? आधीच्या ओळीतून, समोरच्या वस्तूवरून की गावाच्या रीतीतून? ओळ १३ मधलं ‘ते’ बघा. आधी कुणाचाही उल्लेख नाही, तरी तिथल्या प्रत्येकाला समजलं की नवरा. नवऱ्याचं नाव न घेण्याची रीत माहीत असल्याशिवाय हे सर्वनाम उलगडत नाही.

‘मंग- मंग’ ही पुनरुक्ती पुढचं वाक्य जुळवायला वेळ काढते. ओळ ८ मधलं ‘म्हंजे’ वेगळं आहे, तिथं मुलगा स्वतःचंच विधान मागं घेऊन दुरुस्त करतो. दोन्हींना ‘अडखळणं’ म्हणून एका टोपलीत टाकू नका.

आता ‘ना’कडे या. ‘हाव ना’ मध्ये तो दुजोरा देतो. ‘तूच गेलता ना’ मध्ये मुलाला ठाऊक असलेली गोष्ट त्याच्यावरच टाकतो. ‘तठी नोता ना’ मध्ये सबब पुढं करतो. ‘बस ना व’ मध्ये आज्ञेची धार काढून घेतो. तुमच्या तुकड्यातला प्रत्येक ‘ना’ असा वेगळा काढा, आवाज वर गेला की खाली आला तेही लिहा. हेच ‘व’, ‘बा’, ‘तं’, ‘म्हने’ यांच्याबाबतीत करा. नागपूरकडं ‘बे’, झाडीपट्टीत ‘जी’ अशी भर पडेल. कोण कुणाला कोणता शब्द लावतो यावरून नातं आणि मान समजतो. बाईनं शेजारणीला ‘व’ म्हटलं, सासऱ्याशी ती तसं बोलणार नाही.

पाळी कुणाची

सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन या संभाषणाच्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये बोलण्याच्या पाळीची रचना मांडली: एक जण बोलतो, त्याचं म्हणणं संपत आल्याचं इतरांना आधीच समजतं आणि पाळी बदलते. ओळ ३ मधला ‘हं’ ही पाळी नव्हे, हुंकार आहे. ‘तू बोल, मी ऐकतेय’ एवढंच तो सांगतो. ओळ ५ घरच्या बाईच्या शब्दावर चढते, पण ती मध्ये तोंड घालत नाही, सूर मिळवते. आपल्याकडं चार बायका एकाच वेळी बोलताना ऐकल्या की बाहेरच्या माणसाला भांडण वाटतं. म्हणून प्रत्येक चढलेल्या बोलण्यापुढं लिहा: पहिलीनं बोलणं सोडलं की चालू ठेवलं? चालू ठेवलं असेल तर तो व्यत्यय म्हणू नये.

आग्रह

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथं द्यावा. आमंत्रण, नकार, पुन्हा आग्रह, पुन्हा नकार, माप कमी करणं, होकार. ओळ १० ते १५ हा अख्खा क्रम आहे.

इंग्रजी संभाषणांच्या अभ्यासात वारंवार दिसलेली गोष्ट अशी: होकार पटकन येतो, नकार उशिरा, अडखळत आणि कारण जोडून. आता आपला नमुना पाहा. ओळ ११ चा पहिला नकार लगेच आला, थांबा नाही, अडखळणं नाही. ओळ १३ च्या आधी दीड सेकंद शांतता आहे, ‘नाई’ दोनदा आला, वाक्य तुटलं आणि कारण बदललं. आधी ‘झालं माहं’, आता ‘घरी ते येऊन राह्यले असतीन’. यावरून एक तर्क मांडता येतो: पहिला नकार रीतीचा, म्हणून तयार असतो, आणि खऱ्या नकाराला कारण शोधावं लागतं, म्हणून तिथं थांबा येतो. हा तर्क मी रचलेल्या नमुन्यावर सिद्ध होत नाही, त्यासाठी तुमची खरी मुद्रणं हवीत. दहा-बारा आग्रहांचे प्रसंग जमवा, प्रत्येक नकाराआधीचा थांबा ‘प्रात’मध्ये मोजा आणि पाहुणा शेवटी जेवला की नाही ते समोर लिहा. तर्क चुकला तरी तो निष्कर्ष तितकाच कामाचा.

‘कायचा’ हा शब्द इथं दोनदा येतो आणि दोन उलट कामं करतो. ओळ २ मध्ये बाई स्वतःच्या स्वयंपाकाला कमी लेखते. ओळ १२ मध्ये तोच शब्द शेजारणीची सबब उडवून लावतो. दोन्ही वेळा यजमानीण स्वतःचं कमी करते आणि पाहुणीचं जास्त व्हावं असं बघते.

मापांकडेही लक्ष द्या. ‘एक चतकोर’, ‘वाटीत’, ‘थोडसंच’. आग्रह करणारी माप लहान करते म्हणजे होकार सोपा होतो, आणि होकार देणारी ते आणखी लहान करते म्हणजे हावरेपणा दिसत नाही. शेवटी ‘देजो’. ‘दे’ आणि ‘देजो’ एकाच ओळीत आले आहेत. पहिल्यानं देण्याला होकार दिला, दुसऱ्यानं किती द्यायचं ते हळूच सुचवलं. ‘-जो’ची रूपं तुमच्या मुद्रणात कुठं कुठं येतात ते तपासा: लांबच्या वेळेसाठी, कृती सांगताना की मऊपणासाठी?

पंगतीतला आग्रह घरच्यापेक्षा वेगळा. वाढपी पुरुष, वेग जास्त आणि नकार बहुधा हाताने, पानावर आडवा पंजा धरून. तिथं नुसतं ध्वनिमुद्रण पुरत नाही, शेजारी बसून हातांच्या खुणा वहीत टिपाव्या लागतात.

निष्कर्ष लिहिताना

प्रत्येक विधानापुढं ओळीचा क्रमांक द्या. ‘वऱ्हाडी बायका आग्रही असतात’ असं लिहू नका, ‘या मुद्रणात यजमानिणीने नकारानंतर दोनदा माप कमी केलं (ओळ १२, १४)’ असं लिहा. एका घरावरून जिल्ह्याबद्दल बोलू नका. तुलनेसाठी डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मिळून केलेलं मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण पाहा. तुमच्या तालुक्याजवळची रूपं तिथं सापडली तर नोंदवा, वेगळी असली तर ती आवर्जून नोंदवा.

मसुदा झाला की तो बोलणाऱ्यांना वाचून दाखवा, जमल्यास त्याच ओसरीत. ‘इथं तुम्ही का थांबल्या?’ असं ओळीवर बोट ठेवून विचारलं की तुम्हाला न सुचलेली कारणं पुढं येतात. पण ‘आमी असं नाई म्हनत’ असंही ऐकायला मिळेल. तेव्हा मुद्रणातलं रूप खोडू नका, त्यांचं म्हणणं शेजारी लिहा. मूळ ध्वनीफाइलच्या नावात तारीख, तालुका आणि प्रसंग घाला, दोन ठिकाणी जपून ठेवा आणि एक प्रत त्या घरी देऊन या.